उजव्या हाताशिवाय

"हात वर करा, दादोंग. जमेल तेवढा."

रेनिंगने उजवा हात उचलला. कोपर खांद्याच्या रेषेत आलं, मनगट मुडपलं आणि बोटं आपसूक मागे वळून थरथरू लागली. डॉक्टर विदिआरी काख तपासायची विसरून बघतच राहिल्या. शहात्तर वर्षांच्या दादोंगचा, म्हणजे आजीचा, हात असा असू शकतो, हे त्यांना कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं.

मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. उजव्या स्तनात कॅन्सर आहे, काखेतही उतरलाय. ऑपरेशन केलं तर स्तन आणि काखेतल्या गाठी, दोन्ही काढावं लागेल. त्यानं पुढची बरीच वर्षं मिळण्याची आशा आहे, पण हात जड पडेल, कदाचित खांद्याच्या वर जाणारच नाही. ऑपरेशन नको असेल तर रोज एक गोळी. गोळीनं हाताला धक्का लागणार नाही. मात्र ती दोन-तीन वर्षं आजार दाबून धरेल, पुढचं सांगता येत नाही.

"हिचं हृदय सोसेल का ऑपरेशन?" लेकीनं, सुआस्तीनं विचारलं.

"माझ्यापेक्षा बरं आहे त्यांचं हृदय."

तरी सुआस्तीचं मनाशी ठरलं होतं. स्कूटरवरून घरी येताना ती वाऱ्यावर ओरडून म्हणाली, "मेमे, गोळीच घेऊ. या वयात चिरफाड कशाला? आणि हातच गेला तर शिकवशील कशानं?"

मागे बसलेल्या आईनं फक्त तिचा खांदा घट्ट पकडला. सुआस्तीनं तो होकार धरला.

अंगणातल्या मंडपात रेनिंगची शिष्या रुमिती कमरेला पट्टा आवळून तयार होती. देवळाच्या उत्सवातला जुना नाच रेनिंगशिवाय आता कुणालाच पुरता येत नव्हता. रुमितीला निम्मा येई, आणि उरलेला निम्मा अवघड होता. रेनिंग तो सांगून शिकवत नसे. शिष्येच्या पाठीला चिकटून उभी राही, तिची मनगटं धरी आणि स्वतःच नाचे. रेनिंगला तिच्या आईनं असंच शिकवलं होतं.

आज तिनं आपला जुना पट्टा लेकीच्या हातात दिला.

"माझा उजवा हात अंगाशी बांध."

"हे काय नवीन?"

"बांध म्हटलं ना. डुकराचं पिल्लू बाजारात नेताना बांधतेस तसा घट्ट."

सुआस्तीनं बांधला. रेनिंग रुमितीच्या मागे उभी राहिली, डाव्या हातानं तिचं डावं मनगट धरलं आणि तोंडानं ढोलाचे बोल म्हणू लागली. रुमितीचा उजवा हात नुसता लोंबत राहिला.

"उजवीकडून मेलीस की काय?"

"तुम्ही धरलाच नाहीत, दादोंग. मला कळतच नाही."

पुन्हा बोल. पुन्हा तेच. तेव्हा रेनिंगनं गाठ असलेली छाती तिच्या पाठीवर दाबली. वेदनेनं तिचे स्वतःचे डोळे मिटले. खांद्यानं खांदा रेटला, गुडघ्यामागे गुडघा लावला आणि रुमितीच्या कानाशी हळूच श्वास सोडला.

रुमितीचं उजवं कोपर वर आलं. मनगट मुडपलं. बोटं मागे वळली आणि थरथरू लागली.

सुआस्तीनं नीट पाहिलं. तो हात आईचा होता, आणि आईचा हात तर तिनं स्वतः बांधून ठेवला होता. जन्मभर एका घरात राहून आपण या बाईला ओळखलंच नाही, असं तिला वाटलं.

रेनिंग खांबाला टेकली. तिला धाप लागली होती.

"दोन-तीन वर्षांत हिचा नाच पुरा व्हायचा नाही," ती म्हणाली. "मला जास्त लागतील. डॉक्टरीणबाईंना ऑपरेशनची तारीख विचार."

सुआस्तीनं मान हलवली. ती पुढे झाली आणि पट्ट्याची गाठ सोडायला वाकली.

"राहू दे," रेनिंग म्हणाली. "आता डावाही बांध बघू."