पाळीव प्राण्यांवरचा खर्च

धाकटा लिफ्टच्या कंपनीत कामाला होता. लिफ्ट दुरुस्त करणारे वेगळे. हा तळघरातल्या एका खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचा. शहरात कुठेही कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं, की फोन धाकट्याला लागायचा. त्याने मेकॅनिकला पिटाळायचं आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. हवा येत राहते, दोर तुटत नाही, दार हाताने उघडू नका. एवढ्या भांडवलावर त्याची नोकरी चालली होती, आणि बरी चालली होती. लोक सुटल्यावर आवर्जून सांगत, तुमचा आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला.

स्वतःच्या पगाराच्या बाबतीत मात्र धाकट्याचा जीव भांड्याबाहेरच असे. पगार यायचा, आणि महिना अर्ध्यावर येतो न येतो तोच कुठेतरी निघून जायचा. कुठे, ते धाकट्यालाही सांगता यायचं नाही आणि त्याच्या बायकोलाही नाही. दोघं एकमेकांकडे संशयाने बघायची. शेवटी बायकोने फर्मान काढलं आणि दोघांच्या फोनवर 'काटकसर' नावाचं ॲप आलं.

ॲप बँकेच्या खात्याला जोडलेलं होतं. खात्यातून पैसे गेले की ते विचारायचं, हा खर्च कशात टाकू? घरभाडं, किराणा, प्रवास, आरोग्य असे तयार कप्पे होते आणि प्रत्येकाला एक गोजिरवाणं चित्र होतं. समंजस माणसाने किराणा किराण्यात टाकला असता. पण धाकटा पडला विनोदी. त्याने न्हाव्याचे पैसे 'शेती व बागकाम' मध्ये टाकले. बँकेने लावलेला दंड 'करमणूक' मध्ये. सासूबाईंकडे जाण्यायेण्याचा खर्च 'साहसी पर्यटन' मध्ये.

"माझ्या आईकडे जाणं म्हणजे साहस?" बायको म्हणाली.

"जाणं नाही. परत येणं."

उशी आली, ती चुकवून धाकटा पुढच्या नोंदीकडे वळला. ती होती दादाची.

दादा म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ. दादाचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे फोटो, दुकानाच्या काचेत अनोळखी बाळांचे फोटो. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि गिऱ्हाईक आटत आटत दादा एकटाच दुकानात बसायला लागला. स्टुडिओ बंद झाला. वहिनी पूर्वीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. दादाने कुणाकडे शब्द टाकला नाही. धाकट्याने विचारलं नाही. तो दर महिन्याला पगार झाला की दादाच्या खात्यात पैसे पाठवायचा, दादा फोन करून "पोचले रे" म्हणायचा, आणि मग दोघं लगेच हवापाण्यावर बोलायचे, जणू पैसे आपले आपण चालत गेले होते. या नाजूकपणाचा धाकट्याला मनातून अभिमान होता.

तर ॲपने विचारलं, हा खर्च कशात टाकू? 'भाऊ' असा कप्पा नव्हता. 'पाळीव प्राणी' हा कप्पा होता, रिकामा होता, आणि त्यावर इवलासा पंजा होता. धाकटा हसला आणि त्याने पंजावर बोट ठेवलं. पुढच्या महिन्यापासून ॲप विचारायचंही बंद झालं. ते शिकलं होतं.

"हे बदल हं," बायको एकदा म्हणाली.

"बदलतो. कोण बघतंय?"

मग एका रविवारी दादाचाच फोन आला. "धाकट्या, ते हिशेबाचं काय वापरता तुम्ही, मला लावून दे ना. येतात तेवढ्यात बसवायचं म्हणतो नीट. सध्या चहापत्ती आणि वीजबिल एकाच डब्यात आहेत."

ॲपची एक कुटुंब योजना होती. एका वर्गणीत चौघे. धाकट्याने तेवढं वाचलं आणि दादाला जोडून घेतलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की महिनाअखेरीस सगळ्या कुटुंबाचा एकत्र अहवाल प्रत्येकाला जाईल. लिफ्टमधली पाटी का वाचली नाहीत, असं दिवसभर लोकांना विचारणाऱ्या माणसाने ते वाचलं नाही.

अहवाल आला तेव्हा धाकटा कामावर होता आणि एका इमारतीत, दोन मजल्यांच्या मध्ये, एक नृत्यशिक्षिका अडकली होती. तो तिला दोराविषयी सांगत असताना टेबलावरचा मोबाइल उजळला.

'नमस्कार, कुटुंब! या महिन्यातला तुमचा सर्वात मोठा टाळता येण्याजोगा खर्च: पाळीव प्राणी. इथे थोडा हात आखडता घेतलात तर वर्षाअखेरीस एक छोटी सहल नक्की!'

धाकट्याने ते वाचलं आणि 'नमस्कार, कुटुंब' हे दोन शब्द पुन्हा वाचले. कुटुंबात आता दादाही होता. तेवढ्यात दादाचा फोन.

"काय रे, कुत्रा घेतलास आणि बोलला नाहीस?"

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. कुत्रा नाही दादा, तो तू आहेस. धाकट्याने ते मनात म्हणून पाहिलं. लिफ्टचा दोर तुटलाय हे सांगणं त्याला जास्त सोपं गेलं असतं.

"हो," तो म्हणाला. "म्हणजे नुकताच."

"हॅलो?" नृत्यशिक्षिका दुसऱ्या कानात म्हणाली. "कोणी येतंय की नाही?"

"येतंय, येतंय. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?" दादा म्हणाला. "कुत्र्यांना मी कधी भ्यायलो? पिल्लू आहे का?"

"पिल्लू. हवा येत राहते मॅडम, खाली बसून घ्या."

"मादी आहे होय? बरं बरं. रविवारी येतो बघायला."

नृत्यशिक्षिका सुटल्यावर धाकट्याने हेडफोन काढला आणि तळघराच्या भिंतीकडे बघत राहिला. एरवी दादा त्यांच्याकडे यायचा नाही. खाल्ल्या मिठाला ओशाळल्यासारखा दूरदूरच राहायचा. आता कुत्रा बघायला येणार होता, तोही आनंदाने. त्या आनंदाचंच धाकट्याला जास्त भय वाटलं. दादाला हे कळता कामा नये. बाकी काहीही होवो, आपला सख्खा भाऊ आपल्याला पंजाखाली टाकतो, हे त्याला कळता कामा नये.

"खरं सांग आणि मोकळा हो," बायको म्हणाली.

"काय सांगू? कुठल्या तोंडाने?"

"ज्या तोंडाने विनोद करतोस त्याच."

धाकट्याने ऐकलं असतं तर तो धाकटा कसला. तो तळमजल्यावरच्या दंतवैद्य बाईंकडे गेला. त्यांच्याकडे कुत्रा होता. म्हातारा, गलेलठ्ठ, तोंडाभोवती पांढरा झालेला. नाव साहेब.

"नेताय तर न्या," बाई म्हणाल्या, "पण साहेबांना अरेतुरे चालत नाही. अहोजाहो केलंत तर ऐकतील. बिस्किटं देऊ नका, दात मी स्वतः केलेत."

रविवारी सकाळी साहेब वर आले आणि सोफ्याच्या मधोमध बसले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने बेल वाजली. दादा दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, आणि हातात कागदात गुंडाळलेला लाल पट्टा. नवा कोरा.

"दादा, कशाला खर्च केलास?" धाकटा म्हणाला.

"असू दे रे. पहिल्यांदा भेटतोय." दादाने साहेबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पिल्लू म्हणालास ना?"

"लवकर वाढलं."

"पांढरं पण लवकर झालंय."

"आनुवंशिक आहे."

"आणि मादी?"

"अहो साहेब, खाली बसा बघू," धाकटा घाईघाईने म्हणाला. साहेब बसलेलेच होते. त्यांनी जांभई दिली आणि एका ओळीत लखलखीत दात दिसले.

चहा आला. बायको पेला ठेवून "दादा, साखर बघा हं" म्हणाली आणि पुन्हा आत पळाली. दादा साहेबांच्या कानामागे खाजवत राहिला. साहेबांनी अंग सैल सोडलं आणि डोकं त्याच्या मांडीवर टाकलं. पट्टा काही गळ्यात बसेना, गळाच तेवढा होता. दादाने तो पुन्हा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

"महिन्याला एवढं खातात का हे?"

"हो ना. डॉक्टर, औषधं, दातांचा खर्च..."

"ॲप म्हणतंय, हात आखडता घ्या."

"ॲपला काय कळतंय दादा!"

"नाही, मी बघितलं. मला जेवढे येतात ना दर महिन्याला, बरोब्बर तेवढेच यांना जातात. पै इकडेतिकडे नाही."

"योगायोग," धाकटा म्हणाला.

"हनुवटी खाली घे."

"काय?"

"खोटं बोलतोस तेव्हा वर जाते तुझी. लहानपणापासून. शाळेच्या फोटोत खाली घ्यायला लावून लावून जीव गेला होता माझा."

धाकट्याने हनुवटी खाली घेतली. ती इतकी खाली गेली की त्याला दादाच्या चपलेशिवाय काही दिसेना. चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता.

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. फोन केला तेव्हा नव्हतं कळलं, देवाशपथ. खरंच वाटलं तुम्ही कुत्रा घेतलात. बरं वाटलं होतं. मग संध्याकाळी बसलो अहवाल घेऊन. म्हटलं, बघू तरी आपण कुठे आहोत." दादाचा हात साहेबांच्या पाठीवरून फिरत होता. "आधी देणग्यांमध्ये पाहिलं. म्हटलं, तिथे नसलो म्हणजे झालं. तिथे नव्हतो, बरं वाटलं. मग कुटुंबात पाहिलं. मग आरोग्यात. किराण्यातसुद्धा पाहिलं. 'शेती व बागकाम' उघडलं, ते काही कळलं नाही."

"केस कापतो ते," धाकटा पुटपुटला.

"अस्सं." दादा खरंच थोडासा हसला. "मग एकच कप्पा उरला."

साहेब घोरायला लागले होते. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाजही येत नव्हता, म्हणजे बायको दाराला कान लावून उभी होती.

"दादा, गंमत होती रे ती. नुसती गंमत. तिथे चित्र होतं एक..."

"पाहिलं चित्र."

"मग आलास कशाला? तोंडावर बोलायचंस ना मला. फोनवर चार शिव्या घालायच्या."

"तू कुठवर जातोस ते बघायचं होतं. वाटलं, दारातच सांगून टाकशील. कुत्रा पैदा करशील असं नव्हतं वाटलं."

"रागावलास?"

दादाने चहाचा घोट घेतला. "रागवणार होतो. पैसे नकोत म्हणून सांगणार होतो. मग त्याच ॲपवर आकडे मांडून पाहिले. भाडं, वीज, गोळ्या. तुझे काढून टाकले की खाली सगळं लाल होतं. उलटसुलट करून पाहिलं." त्याने पेला खाली ठेवला. "रागावणं बसत नाही रे त्यात. तेव्हा पाठवत जा. एवढंच सांगायला आलो होतो."

लिफ्टमध्ये माणसं रडायची, ओरडायची, एकाने तर फोनवरच मृत्युपत्र सांगायला घेतलं होतं. धाकट्याला प्रत्येक वेळी काहीतरी सुचलं होतं. आज सुचेना. काहीतरी करावं म्हणून त्याने फोन काढला.

"आत्ता बदलतो. तुझ्यासमोर."

"राहू दे."

"नाही, आत्ताच." त्याने दादाच्या नावाची नोंद उघडली, पंजा पुसून टाकला. ॲपने सांगितलं, मागचे महिने बंद झाले आहेत, बदल पुढच्या महिन्यापासून लागू होईल. धाकट्याने नवीन कप्पा काढला. नाव विचारलं, त्याने लिहिलं, दादा. चित्र विचारलं, त्याने नको म्हटलं. मग पडद्यावर नवीन चौकट आली. 'छान! आता दादा या खर्चासाठी दरमहा कमाल मर्यादा ठरवा.'

त्याने चौकट बंद करून पाहिली. ती परत आली. मर्यादा ठरवल्याशिवाय ॲप पुढे जायला तयार नव्हतं.

"काय म्हणतंय?" दादाने विचारलं.

"काही नाही. आकडा मागतंय."

"मग घाल की."

धाकट्याने बोट आकड्यांवर धरलं. मोठा आकडा घालावा असं त्याच्या फार मनात आलं, नुसता दाखवायला का होईना. पण घरभाडं होतं, बायकोने ठरवून दिलेलं सगळं होतं, आणि ॲप दोघांच्याही फोनवर होतं. त्याने हजाराने वाढवून पाहिला. मग पुसला. शेवटी होता तोच आकडा घातला.

घालताना त्याने फोन थोडा तिरका धरला, दादाला दिसू नये म्हणून. आणि फोन तिरका झालेला दादाने पाहिला, आणि तो साहेबांना उठवायला लागला. "चला," दादा म्हणाला, "उठा साहेब, तुम्हाला घरी सोडून येतो."