तारेत अडकलेलं पान

मी पंजा बोलतोय. पालापाचोळा ओढायचा, लोखंडी दातांचा. खरं तर आम्ही दोघं. हार्डवेअरच्या दुकानात चार वर्षं धूळ खाल्ली, शेवटी मालकाने पाठीला पाठ लावून तारेने आवळलं, वीस हात दोर बांधला आणि तळ्याच्या कामाला जुंपलं. न खपलेला मालही वाया घालवणाऱ्यातला तो नव्हे.

दर रविवारी मालक आणि त्याची निवृत्त नर्स बहीण हौसेने तळं तपासतात. मला लांब भिरकावायचं, तळातून ओढायचं, वर आलेलं गवत निरखायचं. एक परकं गवत इकडे घुसलंय. त्याचा बोटभर तुकडा पडला, तरी तळं गिळून टाकतं. गेल्या वर्षी आपल्या खालच्या तळ्यात ते पहिल्यांदा पकडलं ते मीच!

पण कौतुक कुणाचं? नव्या जाळीचं! परक्या शिंपल्यांची पिल्लं धरते म्हणे. तिला निळी पिशवी, तिला सावली. मला ओसरीवरचा खिळा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

वरचं तळं अजून निर्मळ आहे. सगळं गाव त्याचं पाणी पितं. तिथे जाण्याआधी आम्हाला धुऊन पाच दिवस वाळवायचा नियम. एका रविवारी मात्र खालचं तळं आटोपताच वरच्या तळ्याचं अचानक ठरलं. भावाबहिणीने जाळी अर्धा तास धुतली. मला एकदा बादलीत बुचकळलं, झालं. तारेत त्या परक्या गवताचं हिरवं पान अडकलंय, हे मला कळत होतं. वाचा असती तरी गप्प बसलो असतो. म्हटलं, होऊ दे फजिती!

धक्क्यावर मालकाने मला गरगर फिरवलं. तेवढ्यात बहीण ओरडली, "दादा, थांब! तारेत काय आहे ते?"

"धुतलंय गं मी."

"धुतलंय? जाळीला बाळासारखं न्हाऊ घातलंस, अन् याला नुसती बुडी! अरे, लोक पितात हे पाणी!"

मालकाने दोर आवरला आणि मला घेऊन तो पायरीवर बसला. "गिऱ्हाइकाला साधा नट देताना तीनदा आटे बघतो मी," तो पुटपुटला.

खाली निर्मळ पाणी हलत होतं. मला पहिल्यांदाच माझ्या दातांची लाज वाटली.

आता माझ्या दांडीवर लाल पट्टा आहे: फक्त खालचं तळं. जाळी मात्र गावोगाव हिंडते. माझी चूक मला कबूल आहे. पण मंडळी, एक सांगतो, दर खेपेला तिचीही शिवण उसवून बघा. तीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.