याडीच्या आवाजाची फाइल

आमच्यात आईला याडी म्हणतात. माझी याडी, बिजलीबाई, होळीनंतर गेली. तिचा आवाज तेवढा एका जागी होता. बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यातल्या बायकांची गाणी भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेली होती, त्यांत.

ती बाने जमवली होती. मोबाइल घेऊन तो घरोघर बसायचा. याडीने ढावलो गायला होता. सासरी निघालेली मुलगी एकेकीच्या गळ्यात पडून रडत गाते, तो. माझं लग्न नागपूरला नोंदणी करून झालं. तिथे गळ्यात पडायला कारकून तेवढा होता. म्हणून माझ्या वाटचा ढावलो तिने गाऊन ठेवला.

मोबाइल भरला तेव्हा बाने त्यातली गाणी पुसली. "तिथं ठेवले ना, मंग इथं कायले?"

पोळ्याला मी घरी गेले, तर एकही गाणं वाजेना. सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम, म्हणून आत पाहिलं. गाणी ठेवायचा तो फुकटचा प्रोग्राम बसतानाच फोल्डर सगळ्यांना उघडा करून देत होता. कोणीही वाचावं, कोणीही लिहावं. हे 'सगळे' म्हणजे आमचा तांडा नव्हे. त्याच यंत्रावर कुठल्या कुठल्या दुकानांच्या वेबसाइट होत्या. त्यातल्या एकीत कोणी घुसलं आणि तिथून आमच्या फोल्डरमध्ये आलं. प्रत्येक फाइलचं नाव तसंच ठेवून आत निरर्थक अक्षरं भरून गेलं. सर्व्हरवाल्यांकडे जुनी प्रत मागितली, तर तीही बिघडल्यानंतरचीच निघाली.

याडीची मैत्रीण रुपीमावशी ओट्यावर येऊन बसली. "मायं गाणं चोरून चोराले काय भेटलं वं? माया नवरा जनमभर आयकून राह्यला, त्याले तं काई भेटलं नाई."

बासुद्धा हसला. मी मावशीला विचारलं, "याडीचा ढावलो तुले येते का?"

ती उगाच पदर नीट करत राहिली. "बिजलीचा बिजलीनंच म्हणाव, बाई. मी म्हणीन तं तो माया होईन."

ती गेल्यावर मी बाला म्हटलं, "नवा फोल्डर करून देईन. त्यात तूच ठेवशील, बाकीचे आयकतील. हा जुना पुसून टाकू?"

"नको पुसू. नाव हाये ना तिचं."

"बा, आत काहीच नाई राह्यलं."

"मले समजते ते." तो आपल्या अंगठ्याकडे पाहत होता. "पण हा कुठंबी लागते. मायाच हातानं पुसल्या गेलं तं?"

मी याडीच्या फाइलवरची लिहायची परवानगी काढली, बाचीसुद्धा. पण फाइल पुसू द्यायची की नाही, हे फोल्डर ठरवतो. म्हणून फोल्डरवरचीही ती परवानगी काढली. ज्या फाइलमध्ये राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, तिच्यासाठी मी सगळं नियमाप्रमाणे केलं.

बाने मोबाइल घेतला. 'बिजलीबाई' या नावावर अंगठा ठेवला. वाजलं नाही. मग त्याने पुसून पाहिलं.

"नाई पुसल्या जात," तो म्हणाला, आणि मोबाइल खिशात ठेवला.