ताल कुणाचा चुकला

शाळेला पन्नास वर्षं होणार म्हणून शाळागीत नव्यानं रेकॉर्ड करायचं ठरलं, तेव्हा धाकटीनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाहेरचा स्टुडिओ कशाला? ताई माझ्याकडेच गाईल."

ताईनं त्या शाळेत तीस वर्षं संगीत शिकवलं होतं. गीताची चालही तिचीच. धाकटी चष्म्याच्या दुकानात नोकरीला, पण सुट्टी आली की घरातल्या अडगळीच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायची. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, इस्त्रीच्या टेबलावर कॉम्प्युटर. सॉफ्टवेअर तिनं हट्टानं, कुणाला न विचारता शिकून घेतलेलं. ढोलक, बासरी, पियानो, सगळं तिनं आधीच एकेका ट्रॅकवर बसवून ठेवलं होतं. ताईचा आवाज तेवढा राहिला होता. तासाभराचं काम.

सकाळी दहाला बसलेल्या बहिणी दुपारी तीनला एकविसाव्यांदा तेच कडवं घेत होत्या.

पहिल्या दोन ओळी ताई बरोबर गायची. तिसरीला जरा रेंगाळायची आणि कडवं संपेपर्यंत ढोलक पुढच्या गल्लीत, ताई मागच्या गल्लीत.

"अगं ताई, ढोलक ऐक ना!"

"ऐकतेय की."

"मग मागे का पडतेस?"

"मी नाही पडत. माझाच आवाज मला मागून ऐकू येतोय. कुणी वेडावून दाखवल्यासारखं."

"हेडफोनची सवय नाही तुला, म्हणून वाटतं तसं."

धाकटीनं ढोलकाचा आवाज वाढवला. मग गाण्याचा वेग कमी केला. मग स्वतः समोर उभी राहून हातानं ताल धरला. काही केल्या गाडी रुळावर येईना. जेवण झालं नव्हतं, डोकं ठणकत होतं. कॉम्प्युटरकडे तोंड करून ती पुटपुटली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

माइक चालू होता. हेडफोन ताईच्या कानावर होते.

ताईनं ते शांतपणे काढले आणि पुढे केले. "घे. तू गा."

"मी कशाला?"

"गा म्हणते ना!"

लहानपणी याच आवाजात ती पाढे म्हणायला लावायची. धाकटी मुकाट्यानं माइकसमोर उभी राहिली. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीत तिला आपलाच शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर जरा उशिरानं कानात शिरल्यासारखा वाटला. त्याला गाठू द्यावं म्हणून ती नकळत थांबली, आणि तिसऱ्या ओळीला ढोलक निघून गेलं.

तिनं हेडफोन काढून सेटिंग उघडलं. मागच्या आठवड्यात दुसऱ्या गाण्याचे सगळे ट्रॅक एकत्र करताना कॉम्प्युटर अडखळत होता, म्हणून तिनं बफर वाढवला होता. आवाज परत द्यायच्या आधी मशीनला दम खायला मिळावा म्हणून. रेकॉर्डिंगच्या वेळी तो कमी करायचा असतो, नाहीतर गाणाऱ्याचा आवाज त्याच्याच कानात उशिरा पोचतो. ते ती साफ विसरली होती.

"ताई, चूक माझी होती," ती म्हणाली.

"पाच तास माझ्या तालाला नावं ठेवलीस! आधी जेवायला वाढ."

जेवून आल्यावर धाकटीनं बफर कमी केला आणि दुसऱ्याच टेकला गाणं असं उतरलं की धाकटीच्या अंगावर काटा आला. ती फाइल सेव्ह करून उठणार, तोच ताई म्हणाली, "थांब गं. दुसऱ्या कडव्यात माझा श्वास ऐकू येतोय. परत घेऊ."

"ताई, तो कुणालाच ऐकू येणार नाही."

"मला येतोय. आता कुठे या यंत्राशी माझं जमतंय!"

मग श्वास, मग 'ष'चा उच्चार, मग शेवटची तान. अंधारून आलं तरी ताई उभीच. अकराव्या टेकनंतर ती खूश झाली. धाकटीनं मान हलवली आणि शाळेला गुपचूप अंगावर काटा आणणारा तो दुसरा टेक पाठवून दिला.

समारंभात गाणं वाजलं तेव्हा ताई तिच्या कानाशी वाकली. "बघ, शेवटचाच चांगला आला होता."

"हो गं," धाकटी म्हणाली.