बिनविड्याचं तबक

आमच्या कुंभकोणात विडा दिल्याशिवाय काहीच ठरत नाही. लग्न असो, भांडणाची तडजोड असो, सगळं पानावर. आणि ती पानं पिकवणारे आम्ही. अरसलार नदीच्या काठी आमचा पानमळा आहे. माझे यजमान व्यंकोबा आणि मी हादग्याच्या झाडांवर वेली बांधत उन्हात वाळतो, तेव्हा कुठं शहरातल्या थोरांना आपला मान तबकात मिळतो.

त्या वर्षी इंग्रज आज जाणार, उद्या जाणार असं चाललं होतं. स्वराज्यात शेतीचं काय करायचं, कालव्याचं पाणी आधी कुणाला द्यायचं, हे ठरवायला शहरात एक समिती निघाली. अध्यक्ष मुकुंदराव वकील. सोबत भातगिरणीचा मालक, दोन व्यापारी आणि एक हेडमास्तर. चिखलात पाय घालणारा एकही नाही! यजमान विचारायला गेले, तर मुकुंदराव म्हणाले, "तुम्ही पिकवा. बाकी आम्ही पाहतों."

नदीकाठचे मळेवाले पेटले. आपला माणूस समितीत बसेपर्यंत एकही पान खुडायचं नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली. तीही ऐन मुहूर्तांच्या दिवसांत! बाजारात पान दिसेनासं झालं. मी मात्र यजमानांवर भडकले होते, कारण पुढच्याच शुक्रवारी आमच्या अंबुजाचा साखरपुडा होता आणि नवरामुलगा मुकुंदरावांचाच गोपालकृष्ण.

"लोकांची लग्नं अडवा," मी म्हटलं, "पोटच्या पोरीचं कशास अडवतां?"

आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजत होती.

मुकुंदराव निर्धास्त होते. मुलीचा बाप स्वतःच्या घरच्या कार्यात तरी पान खुडणारच आणि एकदा त्यानं शपथ मोडली की बाकीचेही मोडणार, असा त्यांचा हिशेब. त्यांनी अर्ध्या शहराला बोलावलं.

शुक्रवारी आमचं अंगण माणसांनी भरलं. नारळ, हळद, केळी, वरपक्षानं आणलेली मुलीची साडी, सगळं मांडलं. मधलं विड्याचं तबक रिकामं. पुरोहित उगाच घसा साफ करत राहिले.

मुकुंदराव यजमानांजवळ आले. "पानांची एक कवळी खुडून आणा हो. झाला तेवढा हट्ट पुरे."

यजमानांनी अंबुजाकडे पाहिलं. नटूनथटून बसलेली लेक पाहून त्यांचे डोळे भरले. त्यांनी खुंटीवरची टोपली काढली आणि मळ्याकडच्या दाराकडे वळले. मला तर हायसं वाटलं.

तेवढ्यात मुकुंदराव पाहुण्यांकडे वळून हसले. "यांस समितीत जागा कशास हवी? यांची पोर माझ्या घरांत येते आहे. एवढी जागा पुरे नाही कां?"

लोकही हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या मुलीचं लग्न म्हणजे यांनी आमच्या तोंडावर फेकलेला तुकडा? मी उठले आणि दारात आडवी उभी राहिले.

"टोपली ठेवा."

"अगं, पोरीचं काय होईल?" यजमान कळवळून म्हणाले.

"पोरीचंच पाहते आहे."

मुकुंदरावांचं हसू मावळलं. "विहीणबाई, पान नाही तर लग्नही नाही."

बोलून बसले होते, पण संसार अंबुजाचा होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती उठली. साडीचं ताट उचलून तिनं मुकुंदरावांच्या हातात दिलं.

"मग नाही," ती म्हणाली.

गोपालकृष्णानं मान वर केली नाही. बापामागून निघून गेला. पाहुणे पांगल्यावर अंबुजा रडली, मीही रडले. पश्चात्ताप झाला का? छे! संतापच इतका होता की त्याला जागाच नव्हती.

सोमवारी समितीची बैठक होती. नदीकाठचे आम्ही सगळे, बायकांसकट, वेळेआधीच सभागृहात शिरलो आणि मिळेल त्या खुर्चीवर बसलो. अध्यक्षांच्या खुर्चीवर अंबुजा. मुकुंदराव आले आणि दारातच थबकले. एकही खुर्ची मोकळी नव्हती.

"या, मुकुंदराव," मी म्हटलं. "खाली सतरंजी आहे. बसा, सुरू करूं."