बहात्तर आठवड्यांचं वर्ष

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बेव्हच्या खाणावळीत जागा मिळायची नाही, म्हणून लीलंड डोंब्रोव्स्की चारलाच खिडकीजवळचं टेबल अडवून बसला होता. मार्लिस आली ती कामाच्या कपड्यांतच. टिश्यू पेपरची पांढरी भुकटी केसांत तशीच होती.

"पीठ चाळून आलीस का?" लीलंड म्हणाला.

"तुम्ही एकतीस वर्षं हेच पीठ घेऊन घरी यायचात, बाबा."

मासे तळून यायला अवकाश होता. मार्लिसला तेवढा अवकाश हवाच होता. विचारायचं ते एकच होतं, आणि त्याचं उत्तर एकट्या लीलंडकडे होतं. टेक्निकल कॉलेजात यंत्रदुरुस्ती आणि वीज यांच्या दोन वर्षांच्या पदवीला तिचं नाव लागलं होतं. जागा सोळा, आणि सोमवारी दुपारपर्यंत होकार कळवला नाही तर तिची जागा सतराव्या माणसाला. ती काम करायची त्या कागदाच्या गिरणीत शुक्रवार ते रविवार बारा-बारा तासांची एक पाळी होती आणि पगार पूर्ण चाळीस तासांचा. ती धरली तर कॉलेज जमत होतं, पण ओव्हरटाइम सुटत होता आणि मग घरभाडं परवडत नव्हतं. लीलंडच्या घराचा वरचा मजला मिळाला, तरच सगळं जमणार होतं.

तिने सांगून टाकलं. आडवळणाने सांगणं तिला कधी जमलंच नव्हतं.

लीलंडने जवळून जाणाऱ्या बेव्हच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि ताटाखालचा कागद उलटा केला. "तू वर्षाला किती कमावतेस?"

"साठ हजार डॉलर. वर थोडे."

"आणि पदवी घेतल्यावर? सुरुवातीला?"

"अठ्ठावन्न हजार."

लीलंडने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन टेबलावर ठेवलं. "दोन वर्षं डोकं फोडायचं, वर फी भरायची, आणि दोन हजार कमी घ्यायचे. हे शिकवायला कॉलेज लागतं?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. इथे कुणी खालच्या आवाजात बोलत नाही, आणि दुसऱ्याचं ऐकणं हा शुक्रवारच्या जेवणाचाच भाग.

हा हिशोब मार्लिसने स्वतःही महिनाभर असाच घोळवला होता आणि दर वेळी आपणच मूर्ख असं ठरवून झोपली होती. गिरणीत कुणालाही पगार विचारा, तो वर्षाची एकूण रक्कम सांगतो, ओव्हरटाइमसकट. तासाचा दर सांगणं म्हणजे आपण गरीब आहोत असं सांगणं. पण मंगळवारी पगाराच्या चिठ्ठ्या चाळताना तिला काहीतरी खटकलं होतं. तिने पेन उचललं.

"माझा दर साडेअठरा. चाळीस तासांचे वर्षाला साडेअडतीस हजार. उरलेले बावीस हजार ओव्हरटाइमचे. आठवड्याला सोळा तास जादा, म्हणजे वर्षाला आठशे तास."

"दीडपट मिळतात ना त्याचे!"

"मिळतात. पण आठशे तास म्हणजे चाळीस-चाळीसचे वीस आठवडे, बाबा. माझं वर्ष बहात्तर आठवड्यांचं आहे. दुरुस्तीवाल्यांचं बावन्नचं. त्यांचे अठ्ठावन्न हजार चाळीस तासांचे आहेत. चाळीसला चाळीस तोला. मी अडतीस, ते अठ्ठावन्न. आणि त्यांनी जादा काम केलंच, तर तासाला बेचाळीस."

"फी?"

"पुस्तकं-हत्यारं धरून दहा हजार. दोन वर्षांचा बुडालेला ओव्हरटाइम चव्वेचाळीस. चोपन्न हजारांचा खड्डा. तेवढेच तास केले तर वर्षाला निदान वीस हजार जास्त, म्हणजे तीन वर्षांत बुजला. तेव्हा मी चव्वेचाळीसची असेन. गुडघे शाबूत असतील."

"आकडे पाठ करून आलीस."

"नाहीतर तुम्ही ऐकलं असतं का?"

लीलंडने तिच्या हातून पेन काढून घेतलं. तिला वाटलं, खोडणार. त्याने कोपऱ्यात एकतीस लिहिलं, शेजारी वीस. गुणाकार केला, मग बावन्नने भागलं. त्याचा हात सावकाश चालत होता. आकडा आला बारा. तो त्या आकड्याकडे पाहत राहिला. एकतीस वर्षं नोकरी केली असं तो सगळ्यांना सांगत आला होता, आणि ती खरी त्रेचाळीस भरत होती. जादाची बारा वर्षं तिथेच गेली होती, घराच्या दाराबाहेर.

बेव्ह दोन ताटं घेऊन आली. "कॉड तुझं, पर्च म्हाताऱ्याचा. काय झालं, तोंड का उतरलं?"

"गणित करतोय," लीलंड म्हणाला.

"अरे देवा! लिंबू जास्त आणते."

त्याने माशाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "वरच्या मजल्यावर मासेमारीचं सामान आहे. गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसायचा तंबू पण आहे."

"गॅरेजमध्ये नेऊ. मी उचलीन."

"भाडं घेणार मी."

"किती?"

"तीनशे."

"दोनशे. आणि रविवारचं अंगण झाडणं माझ्याकडे."

"रविवारी तू गिरणीत असशील, शहाणे."

मार्लिस हसली. हे मात्र तिच्या हिशोबातून सुटलं होतं. "मग अडीचशे."

"दोनशेच दे." तो खाऊ लागला, आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "तुझ्या ब्रिनचे व्हॉलीबॉलचे सामने कधी असतात? तू शनिवारी गिरणीत. माझ्या नातीला नेणार कोण?"

मार्लिसला शाळेत असताना चार वर्षं बास्केटबॉलच्या बाकांवर आई एकटीच बसलेली दिसायची. ते ती बोलली नाही. "सकाळी नऊला," ती म्हणाली. "पण पाऊण तास आधी पोचावं लागतं."

"कुठल्या गावाला, कोणत्या दिवशी, सगळं लिहून दे. मोठ्या अक्षरात."

तिने कागदाचा आकडे नसलेला कोपरा फाडून घेतला आणि लिहायला बसली. तारखा बऱ्याच होत्या, मासा गार होत होता, आणि लीलंड दर ओळीला विचारत होता, तिथे गाडी उभी करायला जागा असते का?