बाराबिन्स्कचा अर्धा तास

मी बंब आहे. न्हाणीघरातला नव्हे, आगगाडीतला. रशियाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत डब्याच्या एका टोकाला, डबा सांभाळणाऱ्या बाईच्या खोलीसमोर माझी जागा. पोटात निखारे, अंगभर पाणी, छातीवर तापमापक आणि खाली एक तोटी. उकळतं पाणी घ्यायला कोणीही यावं, कितीदाही यावं. त्याचे पैसे पडत नाहीत. म्हणून गरिबांशी माझी ओळख जास्त.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. मला पत्रा ठोकून, सांधून या डब्यात बसवलं आणि डब्यासकट पूर्वेला पाठवलं. तिकडे कोणी मला नाव ठेवलं नाही. इकडे आल्यावर मात्वेयेव्ना नावाच्या बाईंनी माझ्या पोटात पहिला कोळसा टाकला आणि म्हणाल्या, "चल रे भीमा, लाग कामाला." रशियन नाव काहीतरी वेगळंच होतं, पण अर्थ तोच.

मात्वेयेव्ना एकोणीस वर्षं माझ्याजवळ होत्या. थंडीत पहाटे उठून त्या आधी माझी राख काढायच्या, मग स्वतःचं तोंड धुवायच्या. त्यांच्यानंतर आलेल्यांनी मला विजेवर चालवलं. कोळसा फक्त कडाक्याच्या थंडीत. माझ्या आतून चुन्याचे पापुद्रे धरले, तोटी ठिबकायला लागली. तक्रार कोणाकडे करणार? उकळत राहिलो.

माणसं मला फार थोडी दिसतात. माझ्यासमोर उभी राहतात तेवढीच. पण पेला भरेपर्यंत माणूस खरं बोलतो, हे मी पाहिलं आहे. बर्थवर सगळे ऐकत असतात. माझ्यापाशी येऊन नवरा-बायको भांडतात, पोरी फोनवर रडतात. म्हातारे पाण्याची वाट बघतात आणि शेजारच्या वेळापत्रकावर बोट फिरवतात.

ते वेळापत्रक माझा जन्माचा शेजारी. काचेखाली टांगलेला एक कागद. कुठलं स्टेशन, गाडी किती वाजता येणार, किती मिनिटं थांबणार. हा देश इतका लांबलचक आहे की एका टोकाला न्याहारी चालते तेव्हा दुसऱ्या टोकाला दिवे लागलेले असतात. म्हणून रेल्वे पूर्वीपासून एकच वेळ धरायची, मॉस्कोची. कागदावर सहा असेल तर पर्मच्या माणसाने त्यात दोन मिळवायचे, बाराबिन्स्कच्या माणसाने चार. लहान पोरांनाही हे पाठ होतं.

मग एका वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून नियम बदलला. जिथलं स्टेशन, तिथलीच वेळ. मिळवायचं काही नाही. सोपं झालं म्हणे. त्याच महिन्याच्या शेवटी त्या तिघी माझ्या डब्यात चढल्या.

पर्मला सकाळी चढल्या. फाइना, रिम्मा आणि ल्यूस्या. तिघी साठीच्या अलीकडच्या, एकाच शिवणकारखान्यात तीस वर्षं गणवेश शिवलेल्या. दोन वर्षं पैसे साठवून बैकाल सरोवर बघायला निघाल्या होत्या. बर्थ घेतले होते सगळ्यात स्वस्त, संडासाच्या दाराला लागून, म्हणजे माझ्यापासून दुसऱ्या टोकाला. तरी दर तासाला कोणीतरी पेला घेऊन यायचंच.

"आपण जेवणाच्या डब्यात एकदा तरी जाऊ," ल्यूस्या म्हणाली. ती तिघींत गोल आणि हसरी.

"जाऊ की. दारातून बघून येऊ," रिम्मा म्हणाली. "वास फुकट आहे."

रिम्मा कारखान्यात कापड बेतून कापायच्या विभागाची प्रमुख होती. सगळी आखणी तिची. उकडलेली अंडी कधी संपवायची, काकड्या कधी, पाकिटातल्या शेवयांना पाणी कधी घालायचं, सगळं तिने ठरवलेलं. फाइना उंच, वाळकी, कमी बोलणारी. ती पाणी घ्यायला आली की पेला भरल्यावरही थोडा वेळ उभी राहायची. वेळापत्रकाकडे मात्र बघायची नाही. ते रिम्माचं खातं होतं.

फाइना अशी का रेंगाळते, ते दुपारी ल्यूस्या आणि रिम्मा माझ्यासमोर उभ्या असताना मला कळलं. बाराबिन्स्कला फाइनाची मुलगी भेटायला येणार होती. उल्याना तिचं नाव. नऊ वर्षांपूर्वी तिने दोन मुलांच्या बापाशी, एका गुरांच्या डॉक्टरशी लग्न ठरवलं. फाइनाने भर जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर सांगितलं, "या माणसाकडे गेलीस तर मी माझी मुलगी पुरली असं समजेन." मुलगी गेली. पत्र नाही, फोन नाही. एक नात झाली, तीही ऐकीव.

आमच्या इकडे गाडीवरच्या भेटीची रीत आहे. कोणाचं माणूस गावावरून जाणार असलं की घरचे फलाटावर येतात. गाडी थांबेल तेवढा वेळ बोलायचं, लोणच्याच्या बरण्या द्यायच्या, रडायचं, आणि शिट्टी झाली की सोडायचं. बाराबिन्स्कला गाडी अर्धा तास थांबते. फाइनाच्या मावसबहिणीने, तोन्याने, मध्ये पडून तो अर्धा तास ठरवला होता. उल्याना म्हणाली होती, "अर्धा तास. त्याहून जास्त नाही."

"हो म्हणाली हेच खूप," ल्यूस्या म्हणाली.

"वेळ मी कळवली आहे," रिम्मा म्हणाली. "दुपारी दोन चाळीस. स्टेशनातल्या कागदावरून उतरवून आणली."

माझ्या शेजारच्या कागदावर दहा चाळीस लिहिलं होतं. तिच्या खांद्याच्या एक हात मागे. मी काय करणार? मला तोटी आहे, तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला फाइना पेला घेऊन आली. केस विंचरलेले, नवा निळा ब्लाउज घातलेला. तेवढ्यात डबा सांभाळणारी वेनेरा खोलीतून बाहेर आली आणि नेहमीसारखी ओरडली, "बाराबिन्स्कवाले, उठा! चादरी आणून द्या! दीड तास राहिला!"

फाइनाचा पेला तोटीखालीच राहिला. "दीड तास कसा? बाराबिन्स्क दुपारी आहे ना?"

"दुपारी नोवोसिबिर्स्क. बाराबिन्स्क दहा चाळीस. हे काय, लिहिलंय की." वेनेराने काचेवर टिचकी मारली. "पाणी सांडतंय, बाई!"

फाइनाने हाक मारली नाही. रिम्माच येताना दिसली, हातात कंगवा. कागद तिने एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि मग तिची बोटं आपोआप मोजायला लागली. दहा, अकरा, बारा, एक, दोन.

"अहो, चार मिळवायचे नाहीत आता," वेनेरा म्हणाली. "पहिल्या तारखेपासून बंद झालं ते. या महिन्यात तुम्ही सातव्या."

"मी तीस वर्षं मिळवत आले," रिम्मा म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "फाया, मी चार मिळवले."

फाइनाने तोटी बंद करून भरलेला पेला तिच्यापुढे धरला. मग म्हणाली, "हे पाणी घे. गार होईल."

शिवी दिली असती तर रिम्माला बरं वाटलं असतं.

बाहेर सपाट माळ, बर्चची झाडं आणि पाणथळ. फोनला रेंज नाही. रिम्मा माझ्याजवळच्या खिडकीशी फोन उंच धरून उभी. एका छोट्या स्टेशनावर गाडी हळू झाली तेव्हा एक रेघ उमटली. तिने तोन्याला फोन लावला. तोन्याने उल्यानाला लावला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, तुटक तुटक. उल्याना बाराबिन्स्कपासून साठ किलोमीटरवर राहते. गावातून बस बारा वाजता निघते. नवरा गाडी घेऊन लांब गुरांकडे गेलेला. दीडच्या आधी पोचणं शक्य नाही.

"म्हणजे झालं," फाइना म्हणाली.

"काय झालं? उतर," रिम्मा म्हणाली. "दीडला ती येते. थांब तिच्यासाठी. उद्याच्या गाडीने ये, आम्ही बैकालच्या अलीकडे, इर्कुत्स्कला थांबतो."

"अर्धा तास ठरलाय."

"अगं, आता गाडीच नाही मध्ये! हवं तेवढं बोला."

"तेच तर," फाइना म्हणाली. तिने पाठ माझ्या अंगाला टेकली. पत्रा चांगला तापलेला होता, पण ती हलली नाही. "अर्धा तास मी गोड बोलू शकते, रिम्मा. पाठ करून ठेवलंय मी. कशी आहेस, मुलगी कितवीत आहे, हा घे स्वेटर. मग शिट्टी होईल, मी चढेन. त्याच्यापुढे माझी जीभ मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. म्हणून तर तिने अर्धाच तास मागितला."

ल्यूस्या नुसती डोळे पुसत होती. "मग नको उतरू, फाया. स्वेटर पोस्टाने पाठवू."

वेनेरा चादरींचा गठ्ठा घेऊन तिथेच उभी होती. तिला वाट हवी होती, पण ती थांबली.

"एक सांगू? नाही भेटायचं तर नाही म्हणा," ती म्हणाली. "गाडीवर ढकलू नका. ती बिचारी वेळेवर आहे."

फाइनाचा चेहरा तांबडा झाला. "तुला मुलगी आहे का?"

"दोन आहेत. एक माझ्याशी बोलते." वेनेराने गठ्ठा खांद्यावर सावरला. "उतरणार असाल तर स्टेशनात जाऊन तिकिटावर मध्येच उतरल्याचा शिक्का मारून घ्या. उद्याही गाडी आहे. बर्थ मिळेलच असं नाही, आणि पुन्हा पैसे भरावे लागतील. आता बाजूला व्हा."

गाडी वेळेवर बाराबिन्स्कला लागली. फलाटावर भाजलेल्या माशांच्या टोपल्या घेऊन बायका धावत आल्या. डब्यातली माणसं सपाता घालून खाली उतरली. फाइना मात्र माझ्या आणि दाराच्या मध्ये, पिशवी हातात घेऊन उभी. दहा मिनिटं गेली. वीस गेली. रिम्मा तिच्यासमोर होती.

"मी पण उतरते तुझ्याबरोबर. चूक माझी आहे."

"नको. तू असलीस की मी तुझ्याशीच बोलत बसेन."

"फाया, मला माफ कर."

"तू चार तास चुकलीस," फाइना म्हणाली. "मी नऊ वर्षं."

मग तिने माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या कागदाकडे पाहिलं. या सगळ्या प्रवासात पहिल्यांदा. बोट ठेवून तिने बाराबिन्स्कची ओळ वाचली, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखी. "चढा, चढा," वेनेरा बाहेर ओरडत होती. माणसं चढायला लागली, आणि त्या गर्दीतून उलटी एकच उंच बाई पिशवी पोटाशी धरून खाली उतरली. पायऱ्या वर उचलल्याचा आवाज मी ऐकला. गाडी हलली.

त्यानंतरचे तास फार लांब होते. ल्यूस्या आणि रिम्मा दोघींनी जेवायचं टाळलं. रिम्माने फोन माझ्याजवळच्या प्लगला चार्जिंगला लावला आणि तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली. वेनेराने तिला दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा स्वतःचं स्टूल आणून दिलं. दीड वाजला तेव्हा माळ होता. दोन वाजले, माळच होता. नोवोसिबिर्स्कच्या अलीकडे घरं सुरू झाली तेव्हा तिने फोन लावला.

घंटी वाजत राहिली. ती कापली गेली. रिम्माने पुन्हा लावला.

"फाया? आली का ती? फाया!"

मी माझं उकळणं थांबवू शकत नाही, नाहीतर थांबवलं असतं. पलीकडून मला शब्द कळले नाहीत. दोन बायकांचे आवाज होते, दोन्ही चढलेले, एकमेकींवर चढणारे. मग फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" तेवढ्यात मागे येऊन उभ्या राहिलेल्या ल्यूस्याने विचारलं.

रिम्मा फोनकडे बघत होती. "म्हणाली, नंतर कर, आम्ही बोलतोय."

"आम्ही?"

"आम्ही."

"पण आवाज तर भांडणाचा येत होता, गं."

"हो," रिम्मा म्हणाली. "मोठं भांडण चाललं होतं." आणि ती तोंडावर हात दाबून रडायला लागली. ते रडणं कुठलं, मला अजून नीट सांगता येणार नाही.

इर्कुत्स्कला त्या दोघी उतरल्या. फाइना दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन मिळाली की साठ किलोमीटरवरच्या त्या गावी गेली, की त्याच संध्याकाळी परत पर्मची गाडी धरली, मला माहीत नाही. परतीला त्या माझ्या डब्यात नव्हत्या. वेनेरालाही मी एकदा बाराबिन्स्कच्या फलाटाकडे मान लांब करून बघताना पाहिलं.

आता माझा डबा यार्डात कडेच्या रुळावर उभा आहे. नवे डबे आले, त्यांत चकचकीत बंब आहेत. माझ्यातलं पाणी काढून टाकलं आहे. खिडकीतून गवत दिसतं. मोडीत काढायच्या डब्यांवर खडूने आकडे टाकले आहेत, आणि माझ्या पाळीआधी अजून अकरा डबे आहेत.

तोवर तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलं, आणि एखाद्या उंच, वाळक्या बाईशी तुमची गाठ पडली, तर तिला विचारा, भांडण मिटलं का. नसलं मिटलं तरी चालेल. दोघी अजून बोलतात का, एवढंच विचारा, आणि मला येऊन सांगा. मी अजून इथे आहे.